आभाळातली रेंज

मुलांनो, एटापल्ली-भामरागडकडच्या कित्येक गावांत फोन करायचा म्हणजे आधी रेंज शोधायची. कुणी टेकाडावर चढतं, कुणी गच्चीवर. उंच गेलं की रेंज भेटते, हे तिकडच्या पोरांना पक्कं ठाऊक! माझा भाचा त्यातलाच. ओळखीच्या वैमानिक काकांनी आम्हाला चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवरून चार आसनी विमानात नेलं, तेव्हा त्याचा बेत ठरलेलाच होता.

"मामा, वरून आजीला फोन लावतो!"

"फोन बंद करून खिशात ठेव," काकांनी बजावलं. त्यानं खिशात ठेवला. बंद मात्र केला नाही.

खाली इरई धरणाचं पाणी, वीजकेंद्राच्या चिमण्या, पलीकडे ताडोबाचं जंगल. इंजिनाचा आवाज एवढा, की हेडफोन लावूनच बोलायचं. रेडिओवर एक सूचना येत होती आणि नेमकं तेव्हाच हेडफोनमध्ये 'टिक-टिक-टिर्रर्र' सुरू झालं! काकांना पुन्हा विचारावं लागलं. आमच्याच वाटेवर येणाऱ्या दुसऱ्या विमानाची उंची होती ती.

हे घडलं कसं? फोन आपण वापरत नसतानाही अधूनमधून टॉवरला 'मी इथं आहे' असं कळवत असतो. टॉवर जितका दूर, तितका तो जोरात ओरडतो. भाच्याचा साधा बटणांचा टू-जी फोन तर सेकंदाला सुमारे 217 वेळा धडका देतो. हेडफोनच्या तारा त्या पकडतात आणि कानात टिर्रर्र! घरच्या रेडिओजवळ असा फोन ठेवून बघा, वाजायच्या जरा आधी तोच आवाज येईल. फोर-जीचा त्रास पुष्कळ कमी.

आणि उंचावर रेंज चांगली, हेही तिथं खरं नाही. टॉवरचे अँटेना जमिनीकडे झुकवलेले असतात. शिवाय शहरावरून जाताना एकच फोन एकदम अनेक टॉवरना दिसतो नि त्यांचा गोंधळ उडतो. अमेरिकेनं 1991 साली उडत्या विमानातल्या सेल फोनवर बंदी घातली, ती मुख्यतः यासाठीच. आपल्याकडे 2018 च्या नियमांनी विमानात फोन-इंटरनेटची सोय करायला परवानगी दिली. पण ती 3,000 मीटरच्या वर आणि विमानातल्या खास यंत्रणेतून. आमचं पिटुकलं विमान तेवढं उंच कुठलं जायला!

फोनमुळे विमान कोसळतं, ही मात्र उगाच घातलेली भीती. काकाही तसं म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त मागं वळून हात पुढं केला. भाच्यानं मुकाट्यानं फोन दिला.

खाली उतरल्यावर आजीला फोन लागला. विमानाचं सारं वर्णन ऐकून ती म्हणाली, "ते असू दे. जेवला का रे?"