‘प्रेग्नंट’ म्हणाली ते बरं झालं

शिरूर कासारला मी मराठी शिकवते. त्यामुळेही असेल, पण ‘प्रेग्नंट’, ‘डिलिव्हरी’, ‘फीडिंग’ हे शब्द आमच्याकडच्या बायकांच्या तोंडी आले की मला चीड यायची. आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? गरवार, पोटुशी, दिवस गेले, बाळंत झाली, मोकळी झाली, अंगावर पाजणं, केवढे तरी आहेत. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीतच चालवलं. अश्लीलतेचे खटले सोसले, पण शरीराबद्दल बोलायला कचरले नाहीत. मग आपणच इंग्रजीचा पदर का ओढून घ्यायचा, असं माझं ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही.

मत बदललं ते ऊसतोडीच्या तोंडावर. दसरा झाला की आमच्या तालुक्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघायला लागतात. शेजारच्या घरी मुकादम उचलीचं, म्हणजे आगाऊ पैशाचं, बोलायला आला होता. ओसरीवर सासरा, नवरा, दीर. दारातूनच सून म्हणाली, “दादा, मी प्रेग्नंट हाय. पाचवा चालू हाय. तोडणी करीन, पर मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणार नाई.” सासऱ्यानं खाली पाहिलं. मुकादम म्हणाला, “बरं ताई, बघू.” कुणी उठून गेलं नाही, कुणी तिला गप्प केलं नाही.

‘मला दिवस गेलेत’ हे ती सासऱ्यासमोर बोलली असती का? शक्यच नव्हतं. मग मी आठवत बसले. आपले ते गोड शब्द बहुतेक वेळा दुसरीबद्दलच निघतात. तिला दिवस गेले, ती मोकळी झाली. बोलणार सासू, जाऊ, शेजारीण. जिच्या पोटात मूल ती गप्प. सून सासूला सांगणार, सासू लेकाला, लेक मुकादमाला, तोवर टोळी फडात पोचलेली आणि हिच्या डोक्यावर मोळी. ‘प्रेग्नंट’ हा दवाखान्यातून, सोनोग्राफीच्या कागदावरून आलेला शब्द. त्याची लाज घरात कुणी शिकवलेली नाही, म्हणून तो चारचौघांत बोलता येतो.

खुद्द इंग्रजीतही तो कायम असा निर्धोक नव्हता. १९५२ साली अमेरिकेत ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेत नायिका गरोदर दाखवली, तेव्हा सीबीएस वाहिनीनं ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारू दिला नाही. त्या भागाच्या नावात फ्रेंच शब्द घातला गेला. आडोशाला परकी भाषा त्यांनाही लागली होती.

‘फीडिंग’च्या बाबतीत मात्र माझं मन अर्धंच वळलंय. एसटीत एखादी बाई अनोळखी माणसाला “फीडिंग करायचंय, खिडकीकडं बसू द्या” म्हणू शकते, याचा मला आनंदच आहे. पण आशा सेविकेनं “फीडिंग चालू हाय ना?” विचारलं की “हो” येतं, आणि झोळीपाशी बाटली असते. बाटलीनं पाजणं हेही फीडिंगच की! पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही, हे पाळलं जातंय का ते कळायला हवं असेल, तर “अंगावर पाजतीस ना? वरचं काय देतीस? गुटी, मध, गाईचं दूध?” असंच विचारावं लागतं. चिकाचं दूध पाजलं का, हेही तसंच. तिथे आपले शब्द नेमके आहेत आणि ते सोडायला मी तयार नाही.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामावर दिवसातून दोनदा पाजायला जादा सुट्टी आहे. उसाच्या फडापर्यंत ती पोचलेली नाही. तिथे पैसा टनावर आणि कामावर न येणाऱ्याला खाड्याचा दंड. उद्या एखादी पोर कोयता खाली ठेवून “फीडिंगला जाऊन येते” म्हणत कोपीकडे निघाली, तर मुकादमानं तिला अडवू नये आणि तिचा पैसाही कापू नये. ते मागायला तिला जो शब्द जमेल, तो मला चालेल.