माझ्या वाटची संकष्टी

औरंगपुऱ्यातल्या एका मेडिकलवाल्या काकांनी मला डोकेदुखीची गोळी द्यायचं नाकारलं, तिथून माझ्या ऋणांची यादी सुरू होते. गिऱ्हाईक दारात, पैसे हातात, आणि काका पाकीट परत कपाटात ठेवतात! "बाई, रोजच खाऊ लागलात की हे. आधी घाटीत जाऊन दाखवा." मला रागच आला. फळ्यावर नागमोडी चकाकती रेघ दिसू लागली की अर्ध्या तासात डावं कानशील ठणकणार, मग उलटी, मग अंधारी खोली. अशा वेळी सातवीचा वर्ग गोळीशिवाय कसा निभावायचा, हे काकांना काय ठाऊक?

पण गेले घाटीच्या सरकारी दवाखान्यात. चिठ्ठी काढून रांगेत बसले. परभणी-हिंगोलीकडून आलेल्या पेशंटांच्या त्या गर्दीतही ओपीडीतल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. एकाच बाजूला दुखतं का, उजेड-आवाज सोसतो का, आणि दमा आहे का? दम्याचा इथे काय संबंध, ते मागाहून कळलं. अर्धशिशी मुळात येऊच नये म्हणून त्या प्रोप्रॅनोलॉल सुरू करणार होत्या आणि दमेकऱ्यांना ते चालत नाही. औषध खरं तर हृदयाचं. १९६०च्या दशकात छातीत कळा येणाऱ्या रोग्याची डोकेदुखीही त्यानं थांबली आणि हा उपयोग योगायोगानं हाती लागला. काकांचा संशयही खरा निघाला. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिलं, की ती गोळीच डोकं उठवू लागते. बाई म्हणाल्या, "गोळी दुखायला लागल्याबरोबर घ्या, पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नको. रोजच्या औषधाला दोन-तीन महिने द्या. आणि झोप, जेवण अगदी वेळेवर."

औषध सरकारी खिडकीवर मिळालं. वेळेवरची झोप कुठल्या खिडकीवर मिळते? आमच्या गावात तेव्हा नळाला पाणी यायचं आठवड्यानं, तेही रात्री-अपरात्री. मोटारी घरघरू लागल्या की गल्लीभर हंडे-ड्रम वाजायचे. माझी झोप मोडायची आणि दुसऱ्या दिवशी डोकं हटकून उठायचं.

हे शेजारच्या भाभींनी ओळखलं. पाण्याच्या रात्री त्या स्वतःचा हौद भरला की हिरवी नळी आमच्या मोरीच्या खिडकीतून आत सोडायच्या, गजाला सुतळीनं बांधायच्या आणि ड्रम काठोकाठ होईपर्यंत बाहेर उभ्या राहायच्या. सकाळी फरशी कोरडी, ड्रमवर झाकण. रमजानमध्ये तर म्हणायच्या, "सहरी को उठतीच हूँ मैं, तुम सोओ." आभार मानले की चिडायच्या.

जेवणाचा प्रश्न घरातच होता. मी सोमवार, संकष्टी, सगळं धरायची. उपाशी पोटी डोकं हमखास चढायचं. सासूबाई कडक. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मला सूर्योदयाआधी दूध-जिलबीही खायला घातली होती. (त्यानं अर्धशिशी गेली नाही, पण गुलमंडीची जिलबी वाईट कशी म्हणू?) डॉक्टरबाईंचं म्हणणं सांगितलं तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या संकष्टीला सकाळीच माझ्यापुढे पोळी-भाजीचं ताट ठेवलं. "तू जेव. तुझ्या वाटची संकष्टी मी धरते." त्या स्वतःची आधीपासून धरतच होत्या, तेव्हा हा हिशेब गणपतीनं कसा मांडला असेल, देव जाणे. पण त्या दिवसापासून चंद्रोदयाला दोनदा नमस्कार करायच्या, एक त्यांचा, एक माझा.

डोकं अजूनही उठतं. मेच्या उन्हात क्रांती चौकातून पायी आले तर नक्कीच. पण शाळा बुडत नाही. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या जवळपास तिप्पट होते म्हणतात. त्यातल्या कितीजणींना भरलं ताट आणि भरलेला ड्रम असा आयता मिळत असेल?

भाभी आता पडेगावला राहायला गेल्या. जाण्याआधी प्लंबरला घेऊन आल्या, आमच्या ड्रमला स्वतः उभं राहून बॉलकॉक बसवून घेतला आणि त्याच्याशी पन्नास रुपयांवरून अशा काही भांडल्या की शेवटी तो पैसे न मोजताच निघून गेला.