तांबड्या रेघा

सोमवार, १० मार्च
विकिपीडियावर संत नामदेवांचा लेख संपादनासाठी उघडला. नामदेव पंढरपूरचे, पण गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे. त्यामुळे लेखात मराठीबरोबर हिंदी आणि गुरुमुखी, संदर्भांत इंग्रजी. लिहायची चौकट मात्र एकच. शुद्धलेखन तपासणीला मराठी शब्दकोश लावला आणि पान तांबड्या रेघांनी भरून गेले. एवढ्या गर्दीत खरी चूक कोण शोधणार?

बुधवार, १२ मार्च
एका वेळी अनेक शब्दकोश लावायची सोय फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०२२ सालच्या १००व्या आवृत्तीपासून आहे. मराठी-इंग्रजीचे त्यात छान जमते, कारण लिपीच वेगळी. हिंदी जोडली की घोळ. ‘तो म्हणाला कि’ या वाक्याला रेघ येत नाही; ऱ्हस्व ‘कि’ हिंदीत शुद्ध. शब्द कुठल्याही एका कोशात सापडला की पास! रेघा कमी झाल्या खऱ्या, पण हवी होती तीच गेली.

गुरुवार, १३ मार्च
या तपासणीमागचे हन्स्पेल हे सॉफ्टवेअर मुळात हंगेरियनसाठी घडले. तीही प्रत्ययांची भाषा, म्हणून मराठीला ते मानवते. एका फाइलीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ‘घर’ एकदाच लिहायचे. घरात, घरातला, घरातल्यांना हे नियमांतून निघते. अडते ते इकार-उकारापाशी. गरीब-गरिबाला, पण शरीर-शरीराला, कारण शरीर तत्सम. म्हणजे प्रत्येक शब्दापुढे कोणता नियम लावायचा याची खूण हवी, आणि ती व्याकरण जाणणाऱ्यानेच करायची. हे काम कंटाळवाणे आहे. म्हणूनच ते मागे पडते.

रविवार, १६ मार्च
लेखात येणारे ‘घुमान’ हे पंजाबातले गाव माझ्या कोशात टाकले. ते राहिले माझ्याच संगणकावर. त्याच लेखावर काम करणाऱ्या दुसऱ्या संपादकाला तिथे रेघ दिसतेच. लेख सगळ्यांचा आणि कोश ज्याचा त्याचा, हे उलटे आहे. विशेषनामांची यादी लेखासोबतच हवी, आणि तपासनीसाने उताऱ्यागणिक भाषा ओळखायला हवी. भाषेची खूण करणारे साचे विकीवर आहेत, पण संपादनाच्या चौकटीत तेही नुसता मजकूरच ठरतात.

तरीही हिंदी उतारे त्या साच्यांतच घाला. उद्याच्या तपासनीसाला त्यांचाच आधार लागेल. आणि मराठी परिच्छेद तपासताना हिंदी कोशावरची खूण तेवढी काढून ठेवा.