मास्तरांचं देणं

मी अमरावतीच्या मंडळीत वाढले, पण लिहायला शिकले ते अकोल्यात. ख्रिस्ती मासिकांना लेख पाठवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. ना कुठे नोकरी, ना ठरलेला पगार. कधी थोडं मानधन येतं, कधी नुसता अंक. तरी या लेखनाने मला जे दिलं, त्याचं श्रेय अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे जातं. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तर अलायन्स मंडळीतले. त्यांच्या आजीने बायबलबाई म्हणून खेडोपाडी पायपीट केलेली. रविवारी उपासना आटोपली की मी त्यांच्याकडे जायची. काकू चहा ठेवायच्या आणि मास्तर लोखंडी पेटीतून जुने अंक काढायचे. 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला सुरू झाला, म्हणजे 'केसरी'च्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी, हे मला त्या पेटीपाशी कळलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१२ पासून १९१९ मध्ये देह ठेवेपर्यंत त्याचा मराठी विभाग सांभाळला, हेही तिथेच कळलं. पण मास्तर रमायचे ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत. लग्नानंतर घरातच अक्षरओळख झालेली ही बाई १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. "त्या बाईनं शाळा नाही पाह्यली, पोरी, पन मानसं पाह्यली," मास्तर म्हणायचे. त्यांची सगळी शिकवण या एका वाक्यात आली.

अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयावर लिहायचं मी ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली : "तिथं चपला कशा करतात ते पाहून ये." मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेत बसून मी गेले. पऱ्हाटीच्या शेतांमधून ती गाडी इतकी सावकाश चालायची की बांधावरच्या माणसाशी बोलणं व्हावं. चपला करणाऱ्या कारागिराने रुग्णाचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली, त्या मापाने मऊ रबर कापलं, कड घासून घेतली आणि पट्टे चिकटवले. खिळा एकही मारला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "खिळा वर आला तर याले समजत नाही, बाई." कुष्ठरोगात नसा बधिर होतात. टोचलेलं जाणवत नाही, माणूस चालत राहतो, जखम चिघळते आणि पुढे बोटं झिजून आखूड होतात. औषधाने रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून तशी चप्पल आयुष्यभर वापरायची.

लेख मी त्या खिळ्यापासूनच सुरू केला. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता यात प्रभूचं नाव वेगळं घालाची गरज नाही." माझ्या मते ख्रिस्ती लेखनाबद्दल याहून मोठं कुणी काही सांगितलेलं नाही. लेख छापून आल्यावर एका शेतकऱ्याचं पोस्टकार्ड आलं. तो ख्रिस्ती नव्हता. भावाच्या पायाला जखम होती आणि तशी चप्पल कुठे मिळेल एवढंच त्याने विचारलं होतं. मास्तरांनी ते कार्ड काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं.

या कामाची शिस्तही त्यांनीच लावली. नाताळच्या अंकाचा लेख दसऱ्याच्या सुमारास टपालात पडला पाहिजे, उत्तम शुक्रवारचा थंडी सरायच्या आत. एक प्रत स्वतःजवळ. साभार परत आला तर रुसायचं नाही, दुसरीकडच्या वाचकाचा विचार करून पुन्हा लिहायचा. जेझुइट फादरांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या 'निरोप्या'चा वाचक कॅथलिक. तो आमच्या घरच्यासारखा प्रॉटेस्टंट नाही, पण दुःख सारखंच, हे त्यांनी मला शिकवलं. वसईच्या 'सुवार्ते'चे अंक ते मुद्दाम वाचायला देत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ ते मासिक चालवलं. श्रद्धेचं लेखन चर्चच्या फाटकाशी थांबत नाही, हे त्या अंकांतून दिसायचं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आलं, तेव्हा मास्तर हयात असते तर किती आनंदले असते!

मास्तर गेल्यावर काकूंनी ती पेटी मला दिली. वर एक यादी होती, त्यांच्या हातची : वऱ्हाडातल्या कुणाकुणावर लिहायचं राहिलं. मिशन दवाखान्यातल्या परिचारिका, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी, मेळघाटात कोरकूंमध्ये राहिलेले पाळक, आणि यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेली माणसं. ती सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. शकुंतलाही आता बंद आहे. आठवणी सांगणारे थकले आहेत.

त्या यादीतली नावं मी एकेक करून लिहिते आहे. पण हे एकटीने उरकणारं काम नाही. तुमच्या घरात अशी आजी, असा मामा असेल, तर सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे हात काय काम करत होते ते विचारा. ऐकलेलं लिहून काढा आणि मासिकाला पाठवा. कसं लिहायचं हे अडलं तर माझ्याकडे या. मास्तरांनी मला जसं बसवून घेतलं, तसं मी तुम्हाला बसवून घेईन.