फाइल उघडली, पण मराठी कुठाय?

तुमच्या घरातही अशी एक फाइल असणारच. नाव ओळखीचं, तारीख जुनी, आणि डबल क्लिक केलं की आत नुसता कचरा! इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोपी घातलेले 'ए', मध्येच पौंडाचं चिन्ह. आमच्याकडे ती फाइल म्हणजे आजीच्या ओव्या.

आजोबा जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते. रिटायर झाल्यावर २००१ मध्ये त्यांनी हौसेनं कम्प्युटर घेतला आणि आजी सांगेल तशा तिच्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या. चांगली बावीस पानं! २००९ मध्ये आजोबा गेले. यंदा आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. हळद दळताना ओव्या हव्यात म्हणून आत्यानं आजीला विचारलं, तर आजीला पहिले दोन-तीन शब्द आठवतात आणि पुढे ती गप्प होते. म्हणजे सगळी भिस्त आजोबांच्या सीडीवर.

ऑफिसात सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला, करप्ट झालीय, सोड. दुसरा म्हणाला, एक्स्टेन्शन बदलून बघ. (दारावरची पाटी बदलली म्हणून आतली माणसं बदलतात का, राव?)

पण फाइल करप्ट नव्हतीच. ती मुकाट उघडत होती, पानंही बरोबर बावीस. गोम होती फॉन्टमध्ये. त्या काळातले बरेचसे मराठी फॉन्ट एक चलाखी करायचे. फाइलमध्ये साठवायचे इंग्रजी अक्षरांचे कोड आणि पडद्यावर त्यांच्या जागी काढायचे मराठी आकार. फॉन्ट गेला की मुखवटा गळाला! युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे कोड १९९१ पासून आहेत, विंडोज २००० मध्ये तशी सोयही आली होती. पण आजोबांच्या बोटांना सवय टाइपरायटरची, आणि तो कीबोर्ड त्यांना या फॉन्टबरोबर मिळाला होता.

तेव्हा आधी फाइलची कॉपी करा. मूळ फाइलवर 'सेव्ह' अजिबात दाबू नका. मग त्या कचऱ्यातलं एखादं अक्षर सिलेक्ट करून वर फॉन्टचं नाव वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव विसरत नाही. मला धागा मिळाला तो इथेच. तोच फॉन्ट आजोबांच्या दुसऱ्या एका सीडीत निघाला. इन्स्टॉल केला आणि... ओव्या समोर!

पुढचं काम मात्र चिकट. ओव्या मोबाइलवर पाठवायच्या तर युनिकोड हवं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं याच्या बरोब्बर उलट. कन्व्हर्टर इथे ठेचकाळतो, म्हणून दोन रात्री मूळ फाइल शेजारी उघडून ओळन् ओळ ताडून पाहिली.

रविवारी फोन स्पीकरवर टाकून सगळं आजीला वाचून दाखवलं. चौथ्या ओवीला तिनं थांबवलं. ''अरे, बातम्या वाचतोयस का?'' म्हणाली आणि स्वतःच चाल धरली. सातव्या पानावर एक शब्द आला आणि ती खुदकन हसली.

''हा तुझ्या आजोबांनी घुसडलाय,'' म्हणाली. ''मूळचा सांगते, लिहून घे.''