कौलाचा तुकडा

खंडेराव गेट, झाशी
गुढीपाडवा

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझा गेल्या ऑगस्टमधला फोटो मोठा करून पाहिला. डावीकडच्या कुंडीतली दोन बोटं रुंद, पट्ट्यासारखी पानं अमॅरिलिसची आहेत. उजवीकडची गवतासारखी अरुंद, बुडाशी तांबूस झाक असलेली, तो आपला निशिगंध. इथल्या बाजारात त्याला रजनीगंधा म्हणतात. तुझी आजी शेवटपर्यंत गुलछडीच म्हणायची.

वाफ्यात कौलाचा तुकडा का खोचलेला असतो, असं तू विचारलंस. आजी १९६१ साली लग्न होऊन सांगलीहून इथे आली, ती पदराच्या गाठीत बारा कंद घेऊन. ज्येष्ठात लावले आणि भाद्रपदात दांडे आले. पहिले दोन तिनं गणेश मंदिरात वाहिले, जिथे १८४२ मध्ये राणीचं लग्न लागलं त्याच मंदिरात. मग पौष आला. झाशीची थंडी रात्री चार-पाच अंशांवर उतरते. पानं पिवळी पडली, वाळली, जमीन बोडकी झाली. सांगलीला तर ती बारा महिने हिरवी असत! तुझ्या पणजोबांना वाफा रिकामा वाटला. मेथी पेरायला त्यांनी कुदळ चालवली आणि सात कंद चिरले गेले. सासऱ्यांना ती काय बोलणार? संध्याकाळी छपरावरून पडलेलं एक फुटकं कौल आणून तिनं उरलेल्या पाच कंदांच्या उशाशी उभं केलं. चैत्रात पाचही उगवले. तेव्हापासून ते कौल तिथेच आहे.

तर सई, पानं वाळली म्हणजे कंद मेला असं नाही. थंडीत तो विसावतो. पण इथली माती गोठत नाही, तुमच्या विनिपेगची दगड होते. कंदातल्या पाण्याचं बर्फ झालं की तो आतून फुटतो आणि मग सडतो. मूळचा मेक्सिकोचा तो, त्याला बर्फ कुठून सोसणार? म्हणून सप्टेंबरअखेर कंद उकरून, माती झाडून, सुकवून कोरड्या भुशात ठेवलेस हे उत्तम केलंस. तळघर पंधरा अंशांच्या आसपास असू दे. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नकोस.

आता ते कुंडीत लाव, घरातच, उबेला. वर दोन इंच माती पुरे. कोंब येण्यापासून फुलापर्यंत तीन-चार महिने लागतात आणि तुमचा उन्हाळा तेवढा पुरत नाही, म्हणून ही घाई. मेअखेरीस कडाका सरला की कुंडी उन्हात काढ.

दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं आली म्हणून तू हिरमुसलीस. अगं, एक कंद एकदाच फुलतो. नंतर भोवती पिल्लं धरतो. अंगठ्याएवढं जाड पिल्लू यंदा दांडा देईल, बारकी एक-दोन वर्षं पोसावी लागतील. आजी दर तीन वर्षांनी गड्डा फोडून थोरली एकीकडे, धाकटी दुसरीकडे लावायची. धाकट्यांना शेणखत जास्त घालायची.

इथून कंद पाठव म्हणालीस, पण विमानतळावर कागदपत्रांशिवाय माती लागलेलं काही जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथलेच सांभाळ.

आज सकाळी कौलाच्या डाव्या अंगाला पहिला कोंब दिसला. तुझे दिसले की लगेच फोटो पाठव. तोवर पाणी बेतानं घाल.

तुझी,
आत्या