बाबांचा प्रश्न आणि बोटावरची शाई

आज २६ सप्टेंबर. १९४२ साली याच दिवशी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे आपण सारे जिला सीएसआयआर म्हणतो ती संस्था, स्थापन झाली. देश पारतंत्र्यात होता, महायुद्ध सुरू होते, आणि शांतिस्वरूप भटनागर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ राष्ट्रीय प्रयोगशाळांची स्वप्ने पाहत होता. स्वातंत्र्यानंतर त्या एकामागून एक उभ्या राहिल्या. १९५० च्या जानेवारीत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांची उद्घाटने काही दिवसांच्या अंतराने झाली.

आपल्यापैकी अनेकांना मात्र ही संस्था प्रथम भेटते ती नेट परीक्षेच्या निकालात. मलाही तशीच भेटली, दुसऱ्या प्रयत्नात. त्या फेलोशिपवर मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. सुरू केली. विषय होता अतिशीत तापमानाला काही स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म कसे बदलतात, हा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर सुट्टीत जेवताना ते एकच प्रश्न विचारत, "अगं, याचा माणसांना उपयोग काय?" त्यात टोमणा नसे. शाळेतल्या मुलांना सांगता येईल असे एखादे वाक्य त्यांना हवे असे. मी मूलभूत संशोधनाचे महत्त्व समजावू लागे आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळे.

फेलोशिपची पाच वर्षे संपली तेव्हा प्रबंध अपुराच होता. बरोबरीच्या मैत्रिणी नोकरीत स्थिरावल्या होत्या, आणि मी खोलीचे भाडे भागवण्यासाठी संध्याकाळी शिकवण्या घेत होते. बाबांचा प्रश्न आता मीच मला विचारू लागले होते. सोडून द्यावे, असे मनाने जवळजवळ घेतले होते.

त्याच सुमारास एका परिसंवादासाठी दिल्लीला गेले. तिथे चहाच्या वेळी एका ज्येष्ठ संशोधकांनी बोलता बोलता सांगितले, की मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने घडवली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे आणि म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात तयार होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवरच्या क्षारांशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराईड तयार होते आणि प्रकाश पडताच ते काळवंडते. मग साबणाने कितीही घासा, डाग जात नाही. कातडीचा वरचा थर झडेल आणि नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच तो जातो.

मी त्या रात्री घरी फोन केला. बाबांनी अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून काम केले होते. शेकडो माणसांच्या डाव्या तर्जनीवर स्वतःच्या हाताने ती रेघ ओढली होती. सगळे ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढी वर्षं ती बाटली हातात धरली, पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मला वाटले, उत्तर सापडले. पण शिक्षकच ते! लगेच पुढचा प्रश्न आला, "ती शाई निवडणुकीसाठीच केली ना? तुझं तसं कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरासाठी मला दोन दिवस वाचावे लागले. सिल्व्हर क्लोराईड प्रकाशात काळे पडते, यावरचे प्रयोग कार्ल शेले या रसायनज्ञाने १७७७ साली प्रसिद्ध केले होते. त्याच्या डोळ्यांसमोर ना भारत होता, ना मतपेटी. त्या निरीक्षणापासून आपल्या १९६२ च्या मतदान केंद्रापर्यंत १८५ वर्षांचे अंतर आहे. कुणीतरी केवळ कुतूहलापोटी पाहिलेले कुणीतरी गरजेपोटी उचलले. पहिले काम झाले नसते, तर दुसऱ्याला उचलायला काही उरले नसते. सीएसआयआरसारख्या संस्थेचे मोल मला इथे दिसते. तिच्या नावात 'वैज्ञानिक' आणि 'औद्योगिक' हे दोन शब्द शेजारी आहेत, आणि खरे अवघड काम त्या दोहोंमधल्या 'आणि'चे आहे.

माझे स्फटिक कधी कुणाच्या उपयोगी पडतील की नाही, हे मी बाबांना सांगू शकले नाही. तसेच सांगितले. ते म्हणाले, "मग नीट लिहून तरी ठेव. उचलणाऱ्याला सापडलं पाहिजे." सहाव्या वर्षी प्रबंध पूर्ण झाला. त्यातील कोष्टके मी किती वेळा तपासली, ते माझे मलाच ठाऊक.

विद्यार्थी मित्रांनो, घरी हा प्रश्न विचारला गेला तर रागावू नका. आपल्या संशोधनाचा खर्च जे उचलतात, त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. उत्तर ठाऊक असेल तर त्यांच्या भाषेत सांगा. ठाऊक नसेल तर तेही सांगा.

गेल्या निवडणुकीत बाबांनी मतदान करून आल्यावर बोटाचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, "तुमची शाई." त्या शाईत माझा काडीचाही वाटा नाही. तरी ते छायाचित्र मी जपून ठेवले आहे.